टाकून दिलेल्या बाहुलीचा राग: ‘बॅनेट’ कुठून आला?

२१ नोव्हेंबर २००२ रोजी जपानमध्ये पोकेमॉनचे ‘रूबी’ आणि ‘सफायर’ हे गेम आले, तेव्हा नव्या प्राण्यांच्या गर्दीत एक काळपट बाहुली होती. लाल डोळे, आणि ओठांच्या जागी चक्क चेन (झिप). हा ३५४ क्रमांकाचा बॅनेट. पोकेडेक्समधली, म्हणजे गेममधल्या प्राण्यांच्या माहितीकोशातली, त्याची कुळकथा दोन वाक्यांत संपते: कुणीतरी फेकून दिलेली कापसाची बाहुली, तिच्या रागातून तिला जीव आला, आणि आता ती आपल्याला टाकणाऱ्या मुलाला शोधत फिरते. तोंडाची चेन उघडली तर आत साठलेली शापाची शक्ती निसटून जाईल, म्हणून ती बंद.

याचं जपानी नाव जुपेत्ता. ‘जु’ म्हणजे शाप, पुढे ‘पपेट’. पण धागा त्याच्या आधीच्या रूपापासून धरायला हवा. तो शपेट, जपानीत कागेबोझु, म्हणजे ‘सावलीचा बोझु’ (बोझु म्हणजे बौद्ध भिक्षू). हा बोझु जपानी मुलांच्या ओळखीचा. पांढऱ्या कापडात किंवा कागदात गोळा बांधून केलेला तेरु तेरु बोझु घराच्या वळचणीला टांगतात आणि उद्या ऊन पडू दे म्हणून त्याला विनवतात. त्याच्यावरचं १९२१ सालचं बालगीत सुरुवातीला बक्षिसाचं आमिष दाखवतं आणि शेवटी सांगतं, पाऊस आला तर तुझी मान कापीन! पोकेडेक्स म्हणतो, ज्याच्या मनात सूडाची भावना असेल त्याच्या वळचणीखाली शपेट रांगेने येऊन थांबतात. जागा तीच, फक्त उन्हाऐवजी सूड.

बॅनेट स्वतःच्याच अंगात टाचण्या खुपसून शापाची ताकद मिळवतो. जपानमध्ये शापाचा जुना विधी असा: मध्यरात्रीनंतर, एक ते तीनच्या दरम्यान, देवस्थानातल्या झाडाला पेंढ्याची बाहुली खिळ्यांनी ठोकायची. काळी बाहुली, लिंबू, टाचण्या माहीत असलेल्या मराठी वाचकाला हे फार समजावून सांगायला नको. मात्र तिथे बाहुली दुसऱ्याच्या सूडाचं हत्यार असते. इथे ती स्वतःच शाप देते आणि टाचण्याही स्वतःच सोसते. मला या सगळ्या रचनेत हीच उलटापालट सगळ्यात हुशारीची वाटते.

आणि मुळात टाकलेल्या वस्तूला राग का यावा? त्याचं उत्तर त्सुकुमोगामी या कल्पनेत आहे. शंभर वर्षं वापरलेल्या वस्तूत आत्मा शिरतो, अशी समजूत. मुरोमाची काळातल्या (चौदावं ते सोळावं शतक) चित्रगुंडाळीत गोष्ट आहे ती अशीच: वर्षअखेरच्या साफसफाईत फेकलेली जुनी भांडी-अवजारं चिडतात, माणसांचा सूड घेतात आणि शेवटी बौद्ध धर्माला शरण जाऊन मुक्त होतात. म्हणूनच तिथे जुन्या वस्तूंना कचऱ्यात न टाकता निरोप देण्याची पद्धत आहे. तोक्योच्या उएनो भागातल्या कियोमिझु कान्नोन मंदिरात दर २५ सप्टेंबरला बाहुल्यांसाठी प्रार्थना होते. वाकायामातल्या आवाशिमा देवस्थानात लोकांनी आणून ठेवलेल्या बाहुल्यांची रांगच रांग दिसते, आणि ३ मार्चला त्यांतल्या काही होडीतून समुद्रात सोडतात. तुटलेल्या सुयासुद्धा मऊ तोफूत (सोयाबीनच्या पनीरात) टोचून ठेवतात. आयुष्यभर टणक कापडातून गेल्या, आता जरा आराम.

बॅनेट म्हणजे असा निरोप न मिळालेली बाहुली.

२०१३ मध्ये त्याला मेगा रूप (लढाईपुरतं येणारं जास्त ताकदीचं रूप) मिळालं, त्यात हातापायांच्या चेनही उघडल्या; ते मला जरा भडकच वाटलं. खरी भर पडली २०१६ च्या ‘सन’ या गेममध्ये. तिथला पोकेडेक्स सांगतो की बॅनेटला प्रेमाने वागवलं तर त्याचं समाधान होतं आणि तो पुन्हा साधी बाहुली होतो, असं म्हणतात. थेट त्या जुन्या चित्रगुंडाळीचा शेवट. गेममध्ये मात्र कितीही लाड करा, बॅनेट बॅनेटच राहतो.