हळुवार म्हणजे सोपे नव्हे

अरुण दाते यांची प्रेमगीते हळुवार आहेत म्हणून सोपीही आहेत, आणि वस्त्रोद्योगात अभियंता असलेल्या या गायकाने ती तालमीविना, केवळ गोड गळ्याच्या बळावर गायिली, हा इंदूरच्या मराठी मंडळींत अधूनमधून ऐकू येणारा समज चुकीचा आहे. रामूभैय्या दाते यांच्यासारख्या रसिकाच्या घरी, इंदुरातच, १९३४ साली जन्मलेल्या अरुण दाते यांना कुमार गंधर्वांचे मार्गदर्शन लाभले होते. शिवाय ‘शुक्रतारा’ या त्यांच्या प्रेमगीताचे संगीतकार श्रीनिवास खळे यांच्या चाली (स्वतः गाऊन पाहिल्याशिवाय हे पटत नाही) वरवर सरळ वाटल्या तरी कमालीच्या अवघड असतात. आवाज न चढवता दमसास सांभाळणे आणि शब्द बोलल्यासारखा ठेवणे ही तालमीचीच कमाई असून, ते गाणे आपल्यालाच उद्देशून म्हटले आहे असे श्रोत्याला आजही वाटते, ते त्यामुळेच.