१०० गाड्या मोजून पुण्याबद्दल किती कळतं?

समजा नळ स्टॉपच्या सिग्नलला उभं राहून १०० टू-व्हीलर मोजल्या आणि ४० जणांच्या डोक्यावर हेल्मेट दिसलं, की पुण्यात ४०% लोक हेल्मेट घालतात असं म्हणून आपण मोकळे होतो. पण पुढच्या १०० मध्ये ३४ निघतील नाहीतर ४७ पण निघतील, मग धरायचा कुठला आकडा? भारी गोष्ट ही आहे की तो आकडा साधारण किती हलेल हे परत परत न मोजता त्याच १०० गाड्यांमधून काढता येतं, मला तर स्टॅटिस्टिक्समधलं हे सगळ्यात सुंदर वाटतं.

करायचं एवढंच, हेल्मेट असेल तर १, नसेल तर ०. सरासरी ०.४. आता प्रत्येकाचा सरासरीपासूनचा फरक काढून त्याचा वर्ग करा, ४० जणांचा ०.३६ आणि ६० जणांचा ०.१६, सगळी बेरीज २४. तिला ९९ ने भागा (१०० ने नाही, कारण खरी सरासरी माहीत नसल्याने आपण सॅम्पलचीच वापरली आणि तिच्यापासूनचे फरक जरा कमीच भरतात) आणि परत १०० ने. आलं ०.००२४, हा आपल्या ४०% चा व्हेरिअन्स, म्हणजे तो आकडा किती हलेल याचं माप. वर्गमूळ साधारण ०.०५, दोन्ही बाजूंना त्याची दुप्पट धरली की ३०% ते ५०%, खरं प्रमाण बहुतेक याच्या आत असेल. बापरे, केवढी मोठी रेंज! ती निम्मी करायची तर ४०० गाड्या मोजाव्या लागतात. आणि यात पुण्याची लोकसंख्या कुठेच आली नाही बघा, शहर मोठं असलं की सॅम्पलपण तेवढंच मोठं लागतं हा समज चुकीचा आहे.

एका ठिकाणी मात्र हे गणित फसतं. ३० गाड्यांत एकही हेल्मेट दिसलं नाही तर व्हेरिअन्स शून्य येतो, म्हणजे जणू शंभर टक्के खात्री, जे खरं नाही. तिथे ३ (हा ठरलेला आकडा) भागिले मोजलेल्या गाड्या, म्हणजे ३ भागिले ३० करायचं, खरं प्रमाण १०% पर्यंत असू शकतं.

पण मला जास्त काळजी वाटते ती वेगळ्याच गोष्टीची. हे सगळं गणित प्रत्येक गाडी शहरभरातून चिठ्ठी टाकून निवडलीये असं धरून चालतं, आणि एकाच सिग्नलवरची माणसं एकमेकांसारखी असतात. एखाद्या कंपनीत हेल्मेटशिवाय गेटमधून सोडत नसतील तर सकाळी त्या रस्त्यावर सगळेच हेल्मेटवाले. फर्ग्युसनमध्ये शिकलेले संख्याशास्त्रज्ञ पां. वा. सुखात्मे यांनी १९४० च्या दशकात पिकांच्या उत्पन्नाचे सर्व्हे बसवले तेव्हा आधी गावं निवडायची, मग गावातली शेतं, अशीच पद्धत होती, कारण एका गावातली शेतं पण एकमेकांसारखीच पिकतात. आपणही तेच करायचं, १० चौक चिठ्ठ्या टाकून निवडायचे, प्रत्येक ठिकाणी १० गाड्या मोजायच्या आणि त्या १० टक्केवाऱ्यांचे त्यांच्या सरासरीपासूनचे फरक घेऊन, वरच्यासारखीच वर्गांची बेरीज आधी ९ ने आणि मग १० ने भागायची. कुठे २०% आणि कुठे ७०% आले तर रेंज आधीपेक्षा मोठी येईल, पण चौकाचौकातला फरक तिच्यात धरलेला असेल.