अळीवाला साहेब आणि लहान पुडीचा वाद

गुलाबी बोंडअळीच्या नर पतंगांना भुलवणारी गंधाची पेस्ट घेऊन यवतमाळ आणि वर्धा जिल्ह्यांतील गावांत एक निवृत्त विपणन अधिकारी पुन्हा फिरू लागले आहेत. काही गावांत त्यांना अजूनही हार घातला जातो. काही गावांत त्यांना पारावर बसा असेही कोणी म्हणत नाही. एकाच माणसाविषयी कापूसपट्ट्यात इतकी टोकाची मते का आहेत, हे समजण्यासाठी वीस-बावीस वर्षे मागे जावे लागते.

त्यांची सुरुवात कीटकनाशकांच्या विक्रीतून झाली. नव्वदच्या दशकात हिरवी बोंडअळी सिंथेटिक पायरेथ्रॉइड या कीटकनाशकाला दाद देईनाशी झाली, तेव्हा आपणच विकलेले औषध आता चालत नाही असे सांगत फिरणारा हा बहुधा एकमेव विक्रेता होता. वरिष्ठांनी त्यांना विक्षिप्त ठरवले, पण शेतकऱ्यांच्या मनात विश्वासाचे भांडवल जमले ते याच काळात. मार्च २००२ मध्ये केंद्राने बीटी कपाशीच्या, म्हणजे बोंडअळीला मारणारे प्रथिन स्वतःच तयार करणाऱ्या जनुक-बदललेल्या कपाशीच्या, तीन संकरित वाणांना परवानगी दिली आणि लवकरच हे गृहस्थ औषधांकडून बियाण्यांकडे वळले. ४५० ग्रॅमच्या पाकिटाला तेव्हा सुमारे १६०० रुपये पडत आणि त्यातला मोठा हिस्सा तंत्रज्ञान शुल्काचा, म्हणजे बीटी जनुकाच्या मालक कंपनीला जाणाऱ्या रकमेचा असे. एवढ्या महाग सरकीसाठी गिऱ्हाईक मिळवायचे, तर नुसत्या पत्रकांवर भागणारे नव्हते.

त्यांनी काढलेला मार्ग प्रस्तुत लेखकाने राळेगाव तालुक्यात २००४ च्या पावसाळ्यात पाहिला आहे. लोणच्याच्या दोन काचेच्या बरण्या, तोंडाला धोतराचे फडके बांधलेले. एकीत साध्या पऱ्हाटीची (कपाशीची) पाने, दुसरीत बीटीची. दोन्हींत हिरव्या अळ्या सोडून साहेब रात्री त्या बरण्यांशेजारीच मारुतीच्या पारावर घोंगडी टाकून झोपले, कोणी अदलाबदल केली असे उद्या म्हणायला नको म्हणून. सकाळी एका बरणीतील पानांची चाळण झाली होती, दुसरीतील पाने जवळजवळ शाबूत आणि अळ्या सुस्त. बीटीचे प्रथिन अळीच्या आतड्याला छिद्रे पाडते, त्यामुळे ती आधी खाणे सोडते आणि मग मरते. मोठी अळी सहजासहजी मरत नाही, म्हणून ते बारीक अळ्याच निवडत. ही निवड मात्र ते बोलून दाखवत नसत. ‘अळीवाला साहेब’ हे नाव त्यांना पडले ते या बरण्यांमुळे.

वाद आहे तो पाकिटासोबत तेव्हा येणाऱ्या, बिगर-बीटी सरकीच्या १२० ग्रॅमच्या लहान पुडीवरून. नियम असा होता की बीटी कपाशीभोवती बिगर-बीटी सरकीच्या निदान पाच ओळी, किंवा एकूण क्षेत्राच्या २० टक्के, यांपैकी जे अधिक भरेल तेवढे लावावे. अशा ओळींना आश्रयपट्टा म्हणतात. बीटीला पुरून उरलेल्या एखाद्या पतंगाची जोडी आश्रयपट्ट्यातील साध्या पतंगाशी जमावी आणि प्रतिकार पुढच्या पिढीत विरून जावा, हा त्यामागचा हिशोब. सुरुवातीच्या सभांत साहेब ही पुडी हातात धरून समजावत. २००५ च्या सुमारास त्यांनी ती दाखवणेच बंद केले.

त्यांची बाजू घेणारे म्हणतात की पुडी पिशवीत होतीच, तिच्यावर सूचनाही छापलेली होती, आणि वाचायचे की नाही हा ज्याचा त्याचा प्रश्न होता. शिवाय पुडीतील बियाण्याची उगवण बरी नसते अशी तक्रार होती, आणि तीन एकरांच्या मालकाने अळीसाठी ओळी सोडाव्यात हे सांगायला जीभ रेटत नाही, हेही खरे. परंतु हा युक्तिवाद अर्धाच आहे. ज्या माणसाने औषध चालत नाही हे स्वतःचे कमिशन बुडवून सांगितले होते, त्याचे मौनही लोकांनी सल्ला म्हणूनच घेतले. साहेब बोलत नाहीत म्हणजे पुडी बिनकामाची, असे गावाने ठरवले. कोणी ती धुऱ्यावर रिती केली, कोणी ढोरांच्या ढेपेत मिसळली, आणि आमच्या घरी तर ती दोन वर्षे खुंटीला टांगलेलीच राहिली. दोष एकट्या त्यांचा नव्हता. तपासणी करणारी यंत्रणा होतीच कुठे? तरीही पुडी दाखवणे बंद करण्याचा निर्णय प्रयोगाच्या रंगासाठी घेतलेला होता, शेतीसाठी नव्हे, असे म्हणावे लागते.

बरणीत आणखी एक गोम होती. हिरवी अळी पान खाते, म्हणून ती काचेतून दिसते. गुलाबी अळी बोंडाच्या आत सरकीवर जगते आणि बोंड फोडल्याशिवाय दिसतच नाही. २००६ मध्ये दोन जनुकांचे बीजी-२ हे नवे बीटी बियाणे आले, त्याच वर्षी बियाण्याच्या किमती निम्म्याहून खाली आल्या, आणि पुढच्या काही वर्षांत कपाशीचे नव्वद टक्क्यांहून अधिक क्षेत्र बीटीखाली गेले. त्यात लांब मुदतीचे संकरित वाण आणि जानेवारीनंतरही शेतात उभी ठेवलेली फरदड, यांमुळे गुलाबी अळीला जवळपास वर्षभर खाद्य मिळू लागले आणि ती बीटीला दाद देईनाशी झाली. २०१७ च्या हंगामात डोमकळ्या (अळी शिरल्याने न उमलणारी फुले) आणि किडकी बोंडे घरोघरी दिसली. त्याच वर्षी यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेने माणसे गेली. त्या वर्षी साहेबांचे नाव सन्मानाने घेणारा माणूस शोधावा लागला असता. ते तेव्हा सेवेत नव्हते, पण हा तपशील कोणाच्या लक्षात नव्हता.

२०१९ च्या जूनमध्ये अकोट तालुक्यातील अकोली जहागीर येथे शेतकऱ्यांनी तणनाशक सहन करणारे, परवानगी नसलेले बियाणे जाहीरपणे पेरले. ‘चोर बीटी’ या नावाने ते वाण गावोगाव आधीच पोहोचले होते, तेही कोणा विपणन अधिकाऱ्याशिवाय. २०२० मध्ये बीजी-२ वरील तंत्रज्ञान शुल्क शून्यावर आले. पुढे बिगर-बीटी बियाणे त्याच पाकिटात मिसळून देण्याची पद्धत आली आणि लहान पुडी दुकानांतून दिसेनाशी झाली.

आताच्या दौऱ्यात साहेबांकडे बरण्या नाहीत. पेस्टचे ठिपके झाडांवर लावले की मादीचा गंध शिवारभर पसरतो आणि नराला खरी मादी सापडत नाही, असे ते सांगतात. हे एकट्याच्या वावरात फारसे साधत नाही, आजूबाजूच्या शेतांतही लावावे लागते, हेही ते या वेळी आधीच सांगून टाकतात. पुडीबद्दल कोणी विचारले की मात्र ते चष्मा काढून पुसत बसतात.