जुने रोमन आकडे छापताना : लेखक, संशोधक आणि प्रकाशकांसाठी माहितीपत्रक

आमच्या सांगलीतल्या कार्यालयात पुस्तके, प्रबंध आणि गौरवग्रंथ लाटेकमध्ये, म्हणजे आज्ञा लिहून संगणकावर पाने जुळवण्याच्या आज्ञावलीत, जुळवून दिले जातात. काम बहुतेक मराठीच असते. तरी इतिहास, नाणी, शिलालेख किंवा युरोपात छापलेले जुने ग्रंथ असा विषय आला की मजकुरात रोमन आकडे येतात, आणि प्रुफावरची सर्वांत जास्त लाल शाई त्यांच्यावरच खर्ची पडते. मुद्रितशोधक शाळेत शिकलेल्या नियमाने आकडा दुरुस्त करतो, लेखक पुढच्या प्रुफात मूळ रूप परत घालतो, आणि मधल्या मध्ये पुस्तक लांबते. हे टळावे म्हणून हे पत्रक.

आमची पद्धत सरळ आहे. शिलालेखातून, नाण्यावरून किंवा जुन्या पुस्तकातून उद्धृत केलेला आकडा मुळात आहे तसाच छापायचा. तो कितीचा आहे हे मात्र लेखकाने हस्तलिखितात आपल्या अंकांत शेजारी लिहून द्यायचे. प्रकरणांचे, परिशिष्टांचे, पानांचे आकडे तुमचे स्वतःचे असतात. तिथे आजची प्रमाण पद्धतच वापरायची.

या पत्रकात रोमन अक्षरे नावानेच लिहिली आहेत: आय, व्ही, एक्स, एल, सी, डी, एम. फोनवर प्रूफ तपासताना आपण ती अशीच बोलतो.

शाळेतला नियम आणि दगडावरचा आकडा

मोठ्या अक्षराच्या डावीकडे लहान अक्षर आले तर वजा करायचे, म्हणून चार म्हणजे आय-व्ही आणि नऊ म्हणजे आय-एक्स, हे आपण सगळे शिकलो. पण खुद्द रोमन लोकांनी हा नियम कधी कडकपणे पाळलेला दिसत नाही. रोमच्या कोलोसियमच्या कमानींवर प्रवेशद्वारांचे क्रमांक कोरलेले आहेत. त्यातला ४४ हा क्रमांक एक्स-एल-आय-आय-आय-आय असा आहे. चाळीस वजाबाकीने लिहिले आणि चार बेरजेने, एकाच आकड्यात. इ. स. ९ मध्ये जर्मनीत तीन रोमन सैन्यदळे गारद झाली. त्यात पडलेल्या मार्कुस काएलियुस या अधिकाऱ्याचा स्मारकदगड आज बॉनच्या संग्रहालयात आहे. त्यावर त्याच्या अठराव्या दळाचा क्रमांक एक्स-आय-आय-एक्स असा आहे, म्हणजे वीसातून दोन वजा. त्याच दगडावर त्याचे वय त्रेपन्न लिहून पुढे एस अक्षर आहे. हा एस म्हणजे अर्धा. असा लेख आमच्याकडे आला आणि कोणी अठराचा आकडा शाळेच्या नियमाने ‘सुधारला’, तर दगडावर जे नाही ते वाचकाच्या हाती जाते. संशोधनाच्या पुस्तकात हे आम्ही होऊ देत नाही.

हा प्रकार फार जुन्या काळापुरता आहे असेही नाही. मुंबईला गेलात तर गेटवे ऑफ इंडियावरचा लेख सावकाश वाचा. पंचम जॉर्ज आणि राणी मेरी यांच्या आगमनाचे वर्ष तिथे एम-सी-एम-एक्स-आय असे आहे, म्हणजे १९११. लंडनच्या ॲडमिरल्टी आर्चवर मात्र १९१० हे वर्ष एम-डी-सी-सी-सी-सी-एक्स असे कोरले आहे. एकच साम्राज्य, एका वर्षाचा फरक, आणि नऊशे लिहिण्याच्या दोन तऱ्हा. फ्रान्सच्या चौदाव्या लुईच्या नाण्यांवरही चौदा हा एक्स-आय-आय-आय-आय असा येतो. भिंतीवरच्या घड्याळाच्या तबकडीवर चाराच्या जागी चार आय असतात, हे तर घरोघरी दिसते.

लाटेक आपण होऊन काय देते

लाटेकच्या मुळाशी टेक ही आज्ञावली आहे, डोनाल्ड क्नूथ यांची. तिच्यात ‘रोमननुमरल’ ही आज्ञा मुळातच आहे. संख्या द्या, ती छोट्या अक्षरांत रोमन आकडा देते. लाटेकमध्ये मोजणीच्या कोणत्याही क्रमांकाला ‘रोमन’ ही आज्ञा लावता येते. छोट्या आरने लिहिली तर छोटी अक्षरे, मोठ्या आरने लिहिली तर मोठी. वजाबाकीचा नियम इथे पक्का बसवलेला आहे. १९९० दिले तर एम-सी-एम-एक्स-सी मिळेल, एम-एक्स-एम असे आखूड रूप मिळणार नाही. क्नूथ यांनी आज्ञावलीच्या टिपणात हेच उदाहरण दिले आहे.

मर्यादा दोन, दोन्ही लक्षात ठेवण्याजोग्या. शून्य किंवा उणे संख्या दिली तर काहीच छापले जात नाही, जागा कोरी राहते. म्हणून आवरणाच्या पानाला शून्य क्रमांक देऊ नका. आणि हजाराच्या वर टेककडे एम हे एकच अक्षर आहे, म्हणून ५०,००० मागितले तर ५० एम ओळीने उभे राहतात. चार आय, एक्स-आय-आय-एक्स, किंवा पुढे येणारे उलटा सी आणि शेवटचा जे यांतले काहीच ती आपण होऊन देत नाही. त्यासाठी आम्ही स्वतःच्या आज्ञा लिहिल्या आहेत. त्यांत संख्या आणि शैली दोन्ही एकत्र नोंदवतो. मुळात १६३७ आहे की १६३८ अशी शंका पुढे आली, तर संख्या एका जागी बदलली की आकड्याचे रूप आपोआप बदलते.

उलटा सी

सर्वांत जास्त प्रश्न याच्यावर येतात, आणि आम्हाला सर्वांत जास्त आनंदही याच कामात मिळतो. सतराव्या शतकात लायडन, ॲमस्टरडॅम इथे छापलेल्या पुस्तकांच्या शीर्षकपानावर वर्ष असे दिसते: आधी सी, आय आणि उलटा सी, मग थोडी जागा सोडून आय आणि उलटा सी, मग नेहमीची अक्षरे. पहिला गट म्हणजे हजार, दुसरा म्हणजे पाचशे. पुढे सी-एक्स-एक्स-एक्स-व्ही-आय-आय असेल तर वर्ष झाले १६३७. या पद्धतीला अपॉस्ट्रॉफस म्हणतात. दोन्ही बाजूंना एकेक सी वाढवला की संख्या दसपट होते: दोन सी, आय, दोन उलटे सी म्हणजे १०,०००, तीन-तीन झाले की १,००,०००. डावीकडचे सी काढून टाकले की निम्मे उरतात, म्हणून आय आणि दोन उलटे सी म्हणजे ५,०००. पाचशेचा डी हासुद्धा हजाराच्या जुन्या चिन्हाचा उजवा अर्धाच आहे.

संगणकावर हा उलटा सी दोन तऱ्हांनी करता येतो: आरशातल्यासारखा पालटून किंवा अर्धा फेरा फिरवून. बहुतेक जण पालटतात, कारण त्याची ‘रिफ्लेक्टबॉक्स’ ही आज्ञा सोपी आहे. आम्ही फिरवतो. त्या काळी कंपोझिटरकडे, म्हणजे धातूचे अक्षरखिळे हाताने जुळवणाऱ्याकडे, उलट्या सीचा वेगळा खिळा नसेल, तर तो नेहमीच्या सीचाच खिळा उपडा करून बसवत असे. सीच्या वरच्या टोकाला ठळक चोच आणि खालच्या टोकाला बारीक शेपूट असेल, तर फिरवल्यावर चोच खाली येते; पालटल्यावर ती वरच राहते. शीर्षकपानाचे छायाचित्र शेजारी ठेवून पाहिले की हा फरक डोळ्याला लगेच कळतो. मुळात चोच वर असेल तर तिथे वेगळा खिळा होता, आणि मग आम्हीही पालटलेला सी घालतो. फिरवताना अक्षराचा मध्य धरूनच फिरवावे लागते, नाहीतर ते ओळीखाली घसरते. आय आणि उलटा सी यांमधली जागा हाताने कमी करावी लागते, कारण फिरवलेल्या अक्षराच्या आजूबाजूचे अंतर फॉण्टला कळत नाही.

ई-पुस्तक किंवा पीडीएफ करायची असेल तर आणखी एक अडचण येते. फिरवलेला सी शोधताना किंवा नक्कल करताना साधा सी म्हणूनच उचलला जातो, म्हणजे हजाराचा सी-आय-सी होऊन बसतो. युनिकोडमध्ये, म्हणजे संगणकावर प्रत्येक अक्षराला ठरावीक क्रमांक देणाऱ्या पद्धतीत, उलट्या सीला स्वतःचे स्थान आहे. १,०००, ५,०००, १०,०००, ५०,००० आणि १,००,००० यांच्या जुन्या चिन्हांनाही आहे. फॉण्टमध्ये ती अक्षरे असतील तर तीच वापरतो. नसतील तर दिसायला फिरवलेला सी ठेवून त्याच्यामागे खरा मजकूर नोंदवून देतो. छापील प्रतीत फरक दिसणार नाही. तरी नोंद करून ठेवलेली बरी, कारण आज छापलेल्या पुस्तकाची उद्या पीडीएफ मागितली जातेच.

डोक्यावरची रेघ

व्हीवर आडवी रेघ म्हणजे पाच हजार, असे पुस्तकांत सांगितलेले असते. ते खरे, पण प्रत्येक रेघ हजारपट करणारी नसते. कोरीव लेखांत आणि हस्तलिखितांत ‘हे अक्षर नव्हे, आकडा आहे’ एवढेच दाखवायलाही रेघ ओढत. सैन्यदळाच्या क्रमांकावरची रेघ बहुधा अशीच. आणि आकड्याला वरून व दोन्ही बाजूंनी रेघांची चौकट असेल तर तो लाखपट. तुमच्या उताऱ्यातली रेघ यांतली कोणती, हे तुम्हीच सांगायला हवे.

छपाईत इथे मराठीची स्वतःची अडचण येते. वरच्या ओळीतला उकार खाली लोंबतो आणि नेमका रेघेवर येऊन टेकतो. इंग्रजी मजकुरात हा त्रास कमी, आपल्याकडे वारंवार. अशा परिच्छेदात आम्ही ओळींमधले अंतर थोडे वाढवतो, किंवा आकडा ओळीच्या दुसऱ्या टोकाला सरकेल अशी जुळणी करतो. रोमन अक्षरांची उंचीही शिरोरेषेशी जुळवून घेतो, नाहीतर मोठी अक्षरे ओळीतून डोके वर काढतात. देवनागरी फॉण्टमध्ये रोमन अक्षरे नसतील तर आकडा मुळात छापलाच जात नाही. यासाठी मुंबईच्या आयआयटीचा शोभिका हा फॉण्ट आम्हाला पसंत आहे: देवनागरी आणि रोमन दोन्ही त्यात आहेत आणि एकमेकांशेजारी नांदतात.

छोटी अक्षरे, शेवटचा जे आणि विसांची मोजणी

मध्ययुगीन हिशेबांत आकडे छोट्या अक्षरांत असत, आणि शेवटचा आय लांब करून त्याचा जे करत. तीन म्हणजे आय-आय-जे, आठ म्हणजे व्ही-आय-आय-जे. जे आला की आकडा संपला. पुढे आणखी एक काडी ओढून रक्कम वाढवणे अवघड. असा जे दिसला तर तो टायपिंगची चूक समजून खोडू नका. फ्रेंच कागदांत चार आयच्या वर बारीक दोन एक्स दिसतील. ते चार वीस, म्हणजे ८०. पॅरिसमध्ये नवव्या लुईने तेराव्या शतकात अंधांसाठी काढलेल्या रुग्णालयाचे नावच ‘पंधरा वीस’ आहे, म्हणजे ३०० जणांची सोय. कोडी-विसांत मोजणाऱ्या आपल्या आज्यांना हे समजावून सांगावे लागले नसते.

प्रस्तावनेची पाने

इंग्रजी पुस्तकांत प्रस्तावनेच्या पानांना छोटे रोमन आकडे असतात आणि लाटेकचा पुस्तकाचा साचा ते आपोआप घालतो. मराठी पुस्तकांची रीत वेगळी: पाच, सहा, सात असे शब्दांत पृष्ठांक. मराठी पुस्तकाला तीच शोभते असे आमचे स्पष्ट मत आहे, आणि तुम्ही काही सांगितले नाही तर आम्ही तीच ठेवतो. प्रबंधाला विद्यापीठाचा नियम लागू होतो. नियमाचा कागद सोबत आणा.

पुस्तकाला सूची असेल तर हे आधी ठरले पाहिजे. सूची लावणारी मेकइंडेक्स ही आज्ञावली छोटे रोमन पृष्ठांक ओळखते आणि साध्या अंकांच्या आधी लावते. पण ‘सात’ किंवा जे-ने संपणारा पृष्ठांक तिला कळत नाही, ती नोंदच नाकारते. अशा पुस्तकात प्रस्तावनेतल्या नोंदींची सोय आम्ही वेगळी करतो आणि सूची सगळ्यात शेवटी लावतो.

हस्तलिखित देताना

युनिकोडच्या आधीच्या फॉण्टमध्ये टाईप केलेली फाईल असेल तर तिची छापील प्रत किंवा पीडीएफ जरूर द्या. त्या फॉण्टमध्ये इंग्रजी अक्षरांच्या जागीच देवनागरीचे तुकडे बसवलेले असतात. रूपांतर करताना फॉण्ट कुठे बदलला होता ही माहिती गळाली, की रोमन आकडा मराठी अक्षरांच्या तुकड्यांत विरघळतो आणि मग तो कुठे होता हे शोधायला मूळ प्रतच लागते. आयच्या जागी एकाचा अंक, छोटा एल किंवा पूर्णविरामाचा दंड टाईप करू नका. पडद्यावर सारखे दिसतात, छापल्यावर वेगळे उठतात.

उद्धृत आकड्याशेजारी पेन्सिलीने आपल्या अंकांत संख्या लिहा. आकडा वाचता येत नसेल तर अंदाज लिहू नका. छायाचित्र द्या, चोच, रेघ आणि मधली जागा दिसेल इतके जवळून काढलेले. प्रूफ परत करताना असे आकडे मूळ छायाचित्राशी ताडून पाहा, टाईप केलेल्या प्रतीशी नव्हे.

अपॉस्ट्रॉफस किंवा विसांची मोजणी असलेल्या पुस्तकाला प्रुफाची एक फेरी जास्त धरून चाला. प्रबंध जमा करण्याची किंवा प्रकाशनाची तारीख ठरलेली असेल तर ती पहिल्याच भेटीत सांगा, म्हणजे ती फेरी वेळेत बसवता येईल.