पळसाचे दोन रंग आणि लोकर

विदर्भातला पळस लोकरीला दोन रंग देतो: फुलांतून पिवळा आणि फांद्यांवर पोसलेल्या लाखेच्या किड्यातून लाल. तरी नागपूरकडे लोकर रंगवण्याचा धंदा मोठा झाला नाही. दख्खनी मेंढीची लोकर बहुतेक काळी, तिच्यावर पिवळा उमटतच नाही. घोंगडी मूळ रंगातच विणली जाते. शहराचं नावही झालं ते सुतावर. १८७७ साली एम्प्रेस मिल सुरू झाली ती इथल्या कापसाच्या भरवशावर.

लाखेचा रंग मात्र लोकरीसाठीच सातासमुद्रापार गेला. ईस्ट इंडिया कंपनीच्या काळात इंग्लंडमध्ये कोचिनील या किड्यापासून मिळणाऱ्या महागड्या लाल रंगाऐवजी तो लाल लोकरी कापडाला वापरत. १८५६ मध्ये इंग्रज रसायनशास्त्रज्ञ विल्यम पर्किनने मॉव्ह हा जांभळा कृत्रिम रंग शोधला. त्यानंतर आलेल्या स्वस्त रंगांनी लाखेच्या रंगाची मागणी मोडली आणि चपड्यासाठी, म्हणजे लाखेच्या शुद्ध राळेसाठी, लाख धुताना निघणारं लाल पाणी चक्क फेकून दिलं जाऊ लागलं. एवढा सुरेख रंग गटारात जावा, हे वाईटच.

लोकर हे प्रथिन. आंबट पाण्यात ती लाखेचा रंग ओढून घेते. सुताला ते तितकं साधत नाही. १०० ग्रॅम पांढरी लोकर आधी धुऊन भिजवावी. १२ ग्रॅम तुरटीच्या कोमट पाण्यात घालून पाऊण तासात हळूहळू ८०-८५ अंशांपर्यंत न्यावी, तासभर ठेवावी आणि त्याच भांड्यात निवू द्यावी. उकळी फुटली, ढवळणं जास्त झालं किंवा गरम लोकर थेट गार पाण्यात गेली, तर तंतूंवरचे खवले एकमेकांत अडकून ती घट्ट गोळा होते, म्हणजे तिचा नमदा होतो. तुरटी जास्त पडली तर लोकर चिकट लागते.

लाख लोकरीइतक्याच वजनाची घ्यावी. काडीवरून काढून कुटावी आणि रात्रभर कोमट पाण्यात भिजवावी. इथे घाई नडते: लाखेसकट पाणी तापवलं तर राळ मऊ होऊन लोकरीला चिकटते आणि मग निघत नाही. म्हणून दुहेरी फडक्यातून गाळूनच पाणी चुलीवर चढवावं. चिंचेचं गाळलेलं पाणी घातलं की लाल खुलतो. बोअरच्या पाण्यात लोह असेल तर तो काळवंडतो. साठवलेलं पावसाचं पाणी उत्तम.

वाळलेली पळसफुलंही लोकरीच्या वजनाइतकी, तासभर उकळून गाळलेली. होळीच्या रंगात चुना टाकून नारिंगी छटा आणतात, पण ती युक्ती लोकरीला नको. गरम चुन्याच्या पाण्यात तंतू कुजतो. हा पिवळा उन्हात लाखेच्या लालापेक्षा लवकर विटतो, तेव्हा रंगवलेली लोकर सावलीतच वाळवावी.