मानांकन मिळालेलं रुग्णालय आणि सुरक्षित रुग्णालय

मानांकनासाठी तपासणी करणारा असेसर येणार म्हटलं की रुग्णालयात लगीनघाई सुरू होते. एसओपीच्या, म्हणजे ठरवून दिलेल्या कार्यपद्धतीच्या, फायलींना नवी कव्हरं चढतात, बेसिनवर हात धुण्याच्या पायऱ्यांची कोरी पोस्टरं लागतात, आग लागली तर काय करायचं याची घोकंपट्टी चालते. तपासणी पार पडते, प्रमाणपत्र दर्शनी भागात झळकतं आणि ते पाहून नातेवाईक निर्धास्त होतात. मानांकन आणि सुरक्षिततेची संस्कृती यांची गल्लत होते ती इथे.

मानांकन म्हणजे बाहेरच्या संस्थेने ठरलेल्या निकषांवर केलेली पडताळणी. ही पद्धत जुनी आहे. अमेरिकन कॉलेज ऑफ सर्जन्सने 1918 मध्ये शंभर किंवा अधिक खाटांची 692 रुग्णालयं तपासली, तेव्हा निकषांत बसली फक्त 89. निकष तरी काय? प्रत्येक रुग्णाची नीट नोंद ठेवा, तपासण्यांची सोय करा, अशाच किमान अपेक्षा. म्हणजे तपासणीमुळे काहीच होत नाही, असं म्हणणाऱ्यांनी आज गृहीत धरलेला साधा केसपेपर आठवावा.

संस्कृती मात्र फायलीत सापडत नाही. रात्री तीन वाजता ड्यूटीवरच्या नव्या सिस्टरला औषधाचा डोस दहापट वाटतो. लिहिणारे डॉक्टर ज्येष्ठ आणि तापट. ती फोन करते का? डोस पडताळून पाहण्याची एसओपी सगळ्याच रुग्णालयांत असेल. फोन मात्र एखाद्याच ठिकाणी होतो.

क्रॅश कार्टचं, म्हणजे आणीबाणीच्या औषधा-उपकरणांच्या ट्रॉलीचं, रजिस्टर घ्या. कार्ट रोज तपासून सही करायची असते. तीस दिवसांच्या तीस सह्या एकाच पेनाने, एकाच झोकात केलेल्या दिसल्या तरी रकाने भरलेले असतात. मुरलेला असेसर रजिस्टर मिटतो, लॅरिंगोस्कोपला (श्वासनलिकेत नळी घालताना घसा पाहायचं उपकरण) ब्लेड लावायला सांगतो आणि दिवा पेटतो का ते बघतो.

सगळ्यात मोठा घोळ इन्सिडेंट रिपोर्टचा, म्हणजे घडलेल्या किंवा टळलेल्या चुकांच्या नोंदीचा. समजा, एका वॉर्डात महिनाभरात एकही नोंद नाही आणि शेजारच्यात चौदा, त्याही बहुतेक निअर मिस, म्हणजे थोडक्यात टळलेल्या चुका. व्यवस्थापन पहिल्या वॉर्डची पाठ थोपटतं. माझा माणूस दाखल करायचा असेल तर मी दुसरा वॉर्ड निवडेन. एकही चूक न होणारा वॉर्ड मी अजून पाहिलेला नाही. चूक सांगायला घाबरणारे पुष्कळ पाहिले.

तपासणीने रुग्णांचं भलं होतं का, याचा एक मजेशीर पुरावा अमेरिकेतला आहे. तिथे रुग्णालयांना मानांकन देणाऱ्या जॉइंट कमिशन या संस्थेने 2006 पासून तपासण्या न कळवता सुरू केल्या. 2017 मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात 2008 ते 2012 मधल्या मेडिकेअर (मुख्यतः ज्येष्ठांसाठीचा सरकारी आरोग्यविमा) रुग्णांचे आकडे तपासले गेले. तपासणीच्या आठवड्यात दाखल झालेल्यांचा तीस दिवसांतला मृत्युदर 7.03 टक्के, आधीच्या-नंतरच्या आठवड्यांत 7.21. मोठ्या शिक्षण-रुग्णालयांत ही तफावत जास्त होती. फरक छोटा, पण इमारत तीच, माणसं तीच. मग एरवीच्या आठवड्यात काय कमी पडत होतं? जंतुसंसर्गासारख्या इतर मोजमापांत फरक न दिसल्याने नेमकं कारण हाती लागत नाही. कुणीतरी बघतंय म्हटल्यावर लक्ष अधिक एकाग्र होत असावं, एवढाच अंदाज करता येतो. पाहुणे गेले की ये रे माझ्या मागल्या.

पण सगळंच मागे येत नाही. काही ठिकाणी मानांकनाच्या रेट्याने तीव्र पोटॅशियम क्लोराइडच्या अँप्यूल्स वॉर्डच्या कपाटातून कायमच्या हलल्या. पातळ न करता शिरेत गेलं तर हृदय बंद पाडणारं हे औषध. ते हाताशीच नसेल तर दमलेल्या सिस्टरच्या स्मरणशक्तीवर भिस्त ठेवावी लागत नाही. असे बदल असेसर गेल्यावरही टिकतात. शस्त्रक्रियेआधीच्या टाइमआउटचं तसं नाही. सगळे क्षणभर थांबून रुग्णाचं नाव, शस्त्रक्रिया आणि बाजू मोठ्याने म्हणतात, की भूलतज्ज्ञ आत येण्याआधीच रकान्यांत टिक होते, हे त्या खोलीतली माणसं रोज नव्याने ठरवतात.

म्हणून प्रमाणपत्राची मुदत बघून झाली की वॉर्डातल्या एखाद्या सिस्टरला विचारा, "तुम्ही शेवटची निअर मिस कधी कळवलीत आणि पुढे काय झालं?" कुणी म्हणेल, "आमच्याकडे तसं काही होत नाही." कुणी म्हणेल, "मागच्याच आठवड्यात. दोन इंजेक्शनांची लेबलं सारखी दिसत होती, मग त्यांचे कप्पे वेगळे केले."