लीस्ट काउंट म्हणजे अनिश्चितता नव्हे

मुंबईत हत्यारांच्या बाजारात, नागदेवी स्ट्रीटवर, डिजिटल व्हर्नियर (जबड्यात वस्तू धरून लांबी-जाडी मोजायचं साधन) मागितला की दुकानदार आधी सांगतो, ‘०.०१ चा आहे,’ म्हणजे ०.०१ मिमीचा. हा झाला लीस्ट काउंट, पुस्तकातलं लघुतम माप: पडद्यावर दिसू शकणारा सगळ्यात छोटा फरक. माप खरोखर किती पुढेमागे असू शकतं, म्हणजेच अनिश्चितता, ते त्यातून कळत नाही. त्यासाठी डबीतला कागद उघडावा लागतो. १५० मिमीच्या बऱ्याच डिजिटल व्हर्नियरच्या कागदावर अचूकता ±०.०२ मिमी दिलेली असते, म्हणजे लीस्ट काउंटच्या दुप्पट.

‘लीस्ट काउंटच्या निम्मी चूक’ ही सवय प्रॅक्टिकलच्या जर्नलातली. नियम खोटा नाही, पण तो एका वाचनापुरता आहे. मिमीच्या पट्टीवर जवळची खूण धरली तर चूक जास्तीत जास्त ०.५ मिमी. लांबीसाठी मात्र दोन टोकं वाचावी लागतात. दोन्ही चुका लांबी एकाच दिशेने बदलत असतील तर ±१ मिमी; स्वतंत्र धरून वर्गांच्या बेरजेचं वर्गमूळ काढलं तर ±०.७. (पट्टीची कड झिजलेली असेल तर १० सेंमीच्या खुणेपासून मोजा. झीज ही वेगळीच चूक, ती यात धरलेली नाही.)

मापनसाधनं तपासणाऱ्या कॅलिब्रेशन लॅबमध्ये लीस्ट काउंटच्या निम्म्या भागाला √३ ने भागतात, कारण खरं माप त्या पट्ट्यात कुठेही असण्याची शक्यता सारखीच मानलेली असते. ०.०१ मिमीसाठी ०.००५ ÷ १.७३२, म्हणजे ०.००२९ मिमी. हा फक्त एक घटक. त्यात साधनाच्या कॅलिब्रेशन सर्टिफिकेटवरचा आकडा (तो k = २ चा, म्हणजे दुप्पट करून लिहिलेला, असेल तर आधी निम्मा करून), वाचनांमधला फरक आणि तापमान, सगळं वर्ग करून मिळवायचं, वर्गमूळ काढायचं आणि दुपटीने सुमारे ९५ टक्के खात्रीची अनिश्चितता लिहायची.

मुंबईत तापमान सोडून चालत नाही. लांबीची मापं २० अंश सेल्सिअसला धरतात. साकीनाक्याच्या गाळ्यात दुपारी ३२ अंश सहज असतात. जॉब, म्हणजे मोजायचा तुकडा, स्टीलचा आणि मायक्रोमीटरही (स्क्रूने मोजणारं बारीक मापाचं साधन) स्टीलचा असेल तर दोन्ही जवळपास सारखेच फुगतात. ॲल्युमिनियम मात्र दर मीटरला दर अंशामागे सुमारे २३ मायक्रॉन वाढतं, स्टील ११.५. त्यामुळे १०० मिमीचा ॲल्युमिनियमचा जॉब स्टीलच्या मायक्रोमीटरवर १२ अंशांच्या फरकात ०.०१४ मिमी मोठा दिसतो. मायक्रोमीटरचा लीस्ट काउंट ०.०१! लेथवरून नुकताच उतरवलेला गरम जॉब तर त्याहूनही फसवतो.

पाचही वेळा १२.३७ आलं म्हणून अनिश्चितता शून्य लिहू नका. खरा फरक ०.०१ च्या आत दडलेला असतो, म्हणून तिथे ०.००२९ धरायलाच हवं. स्टॉपवॉचचं याच्या उलट: पडद्यावर ०.०१ सेकंद, पण अंगठा दाबायलाच ०.२ सेकंद इकडेतिकडे होतात. म्हणून लंबकाचे २० झोके एकदम मोजतात. भागल्यावर एका झोक्यामागे ०.०१ सेकंद उरतो, आणि तो घड्याळाचा नव्हे, अंगठ्याचा असतो.